हात बधिर होतात, पण पाना आधी सीटला लावा

प्रश्न असा आहे: वय ४३, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. वर्षापूर्वी हायब्रिड विकून रोड बाइक घेतली. चाळीस किलोमीटर झाले की उजव्या गुडघ्यात पुढून, वाटीच्या खालच्या बाजूला दुखायला लागतं (उजवाच का?). जांघेतही दुखतं. साठ-सत्तरनंतर दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि शेजारची बोटं बधिर. मान संध्याकाळपर्यंत आखडलेली. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. दुकानदार म्हणतो सवय होईल, ग्रुपमधले म्हणतात बाइक फिट करून घे, म्हणजे सायकल अंगाच्या मापानं बसवून घे, घरचे म्हणतात विकून टाक. कोणाचं ऐकू?

घरच्यांचं इतक्यात नको. दुकानदाराचं तर मुळीच नको. नव्या सीटची सवय दोन-तीन आठवड्यांत बुडाला होते, तेवढं खरं. पण दाबल्या जाणाऱ्या नसेला दाबाची सवय होत नसते. बोटं बधिर होणं ही सवयीची बाब नाही. ग्रुपवाल्यांचं बरोबर आहे, पण पैसे मोजून फिट करून घेण्याआधी घरी करण्यासारखं बरंच आहे आणि तुम्ही मापं पाठवून माझं निम्मं काम केलंय.

ती मापं इथे देतो. इनसीम, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंत, ७८ सेंटिमीटर. सीटची उंची, क्रँक (पायडलची दांडी) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, साडेपासष्ट. सीट तिच्याखालच्या दांड्यांवर, म्हणजे रेलवर, जितकी पुढे सरकते तितकी पुढे. सीटचं नाक पाच अंश खाली. स्टेम, म्हणजे हँडल सायकलीला जोडणारा आखूड दांडा, १०० मिलिमीटरचा, खाली झुकलेला. आणि दोन महिन्यांपासून क्लीटचे, म्हणजे तळाच्या तुकड्यानं पायडलमध्ये अडकणारे, बूट.

या पाच-सहा आकड्यांत तुमचं अख्खं वर्ष दिसतं. अंदाजानं सांगतो. पहिल्या दिवशी दुकानात तुम्ही सीटवर बसलात आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते पाहिलंत. टेकत नव्हते, म्हणून सीट खाली घेतली. सीट खाली गेली की पाय पूर्ण उलगडत नाहीत, पायडलवर जोर कमी जातो आणि शरीराचा सगळा भार सीटवर बसतो. पंधरा दिवसांत जांघेत दुखायला लागलं. कोणीतरी म्हणालं, नाक खाली कर. केलंत. आता तुम्ही सीटवरून पुढे घसरायला लागलात आणि ते रोखायला हात ताठ करून हँडल ढकलायला लागलात. हँडल लांब वाटू लागलं, म्हणून सीट पुढे ओढली. त्यानं गुडघा आणखी दुमडला आणि वजन आणखी पुढे, हातांवर गेलं. म्हणजे प्रत्येक दुखण्यावर उपाय केलात आणि प्रत्येक उपायातून पुढचं दुखणं आलं. आज तुम्ही मला विचारताय हातांबद्दल, पण सुरुवात त्या पहिल्या दिवसाच्या सीटमध्ये आहे.

यात तुमचा दोष नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी सायकल शिकताना आधी भाड्याच्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारलं, मग नळीवरून, आणि शेवटी कधीतरी सीटवर. त्या काळात पडण्याची जी भीती अंगात बसली तिच्यामुळे चाळिशीतही ‘पाय टेकले पाहिजेत’ हा पहिला नियम वाटतो. रोड बाइकवर तो नियमच चुकीचा आहे. सीट योग्य उंचीवर असेल तर बसल्या जागी फार तर एका पायाची बोटं टेकतील. थांबायचं तर सीटवरून पुढे उतरायचं, नळीच्या दोन्ही बाजूंना पाय घेऊन उभं राहायचं. निघताना एक पायडल वर, दोनच्या काट्यावर आणायचं, त्यावर उभं राहायचं आणि सायकल चालू लागली की मागे बसायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं हे केलंत तर भीती जाते. हे आधी करा. हे जमलं नाही तर मी सांगितलेली उंची तुम्ही पहिल्या सिग्नललाच पुन्हा खाली कराल. तसं करणारे मी बरेच पाहिलेत.

आता सीट. इनसीम पुन्हा मोजा, कारण पँटच्या मापावरून काढलेला इनसीम हमखास कमी भरतो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन मांड्यांच्या मध्ये धरून वर ओढा, सीटवर बसल्यावर लागेल इतकं घट्ट. लाजून हळूच धरलंत तर माप चुकेल. पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करायला घरातल्या कुणाला तरी सांगा. तीनदा मोजा, तिन्ही वेळा पाच मिलिमीटरच्या आत आलं तर खरं.

७८ खरं धरलं तर पुढचं गणित दोन रीतींनी होतं. पहिली रीत ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखली जाते. १९८६, १९८९ आणि १९९० असा तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला हा अमेरिकन. त्याचे फ्रेंच मार्गदर्शक सिरील गिमार यांच्याकडून ती आली. इनसीम गुणिले ०.८८३. तुमच्या बाबतीत ६८.९. दुसरी रीत १९६७ सालच्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या अभ्यासातून आलेली: इनसीमच्या १०९ टक्के, पण पायडलच्या पृष्ठभागापासून. म्हणजे ८५, त्यातून १७० मिलिमीटरचा क्रँक वजा केला की ६८. बघा, एकाच माणसाला दोन नामांकित सूत्रं जवळजवळ नऊ मिलिमीटरच्या फरकानं दोन उत्तरं देतात. लेमाँडच्या वेळचे पायडल आणि बूट आजच्यापेक्षा जाड होते, म्हणून त्याच्या आकड्यातून आज थोडे मिलिमीटर कमी करायची पद्धत आहे. कुणाची मांडी लांब आणि पोटरी आखूड, कुणाचं उलट, कुणी टाच खाली दाबून पायडल मारतो, कुणी बोटांवर. सूत्राला यातलं काहीच दिसत नाही. सूत्र फक्त बरोबर गल्लीत नेऊन सोडतं, घर तुम्ही शोधायचं.

तुम्ही मात्र गल्लीतही नाही. ६८ धरले तरी तुमची सीट अडीच सेंटिमीटर खाली आहे. गुडघ्याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं. पायडल खाली पूर्ण गेल्यावर, सायकल थांबवून मोजलं तर, गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहायला हवा. सीट खाली असली की तो वाक खाली तर वाढतोच, पण वर, पायडल माथ्यावर असताना, गुडघा फारच घट्ट दुमडतो आणि नेमका तिथूनच तुम्ही जोर लावायला सुरुवात करता. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, वाटीखालचा कंडरा ओढला जातो. मिनिटाला ८० फेरे धरले तर दहा तासांच्या चालवण्यात एका पायाचे ४८,००० फेरे होतात. चुकीचा कोन थोडासाच असतो, पण तो अठ्ठेचाळीस हजार वेळा होतो.

एकदम अडीच सेंटिमीटर वर नेऊ नका. पाच मिलिमीटर वर, दोन-तीन राइड, पुन्हा पाच. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, इलेक्ट्रिकलची चिकटपट्टी गुंडाळून आत्ताची जागा दाखवून ठेवा आणि वहीत तारीख घालून लिहा. सीटपोस्टवर ‘किमान इतका आत’ अशी रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. क्लॅम्पवर किती न्यूटन-मीटर आवळायचं ते कोरलेलं असतं, बहुधा ५ च्या आसपास. कार्बनचा सीटपोस्ट असेल तर टॉर्क पाना हवाच. हाताच्या अंदाजानं आवळून चिरलेले सीटपोस्ट माझ्याकडे महिन्याकाठी एखादा तरी येतो.

थांबायचं कुठे? ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर त्यावर, नसेल तर मित्राला मागून चालायला सांगून, फोननं मागून व्हिडिओ काढा. कमरेचा पट्टा जिथे असतो तिथे बघा. पायडल मारताना कंबर डाव्या-उजव्या बाजूला झोके घेत असेल तर सीट वर गेली. बाजूनं काढलेल्या व्हिडिओत, पायडल तळाशी असताना टाच अचानक वर उचलली जात असेल, तरीही वर गेली. गुडघ्याच्या मागे, लवणीत दुखायला लागलं तर तीच खूण. तीन-चार मिलिमीटर खाली या. मी आकड्यापेक्षा या व्हिडिओवर जास्त विश्वास ठेवतो. तुम्हीही ठेवा. माझा अंदाज, तुम्ही ६७.५ ते ६८.३ च्या मध्ये कुठेतरी स्थिरावाल.

आता हात.

भिंतीला टाचा आणि बूड टेकवून उभे राहा आणि समोर कुणी वडीलधारं उभं आहे असं समजून पाया पडायला वाका. वाकता येणार नाही, तोंडावर पडाल. मोकळ्या जागेत आपण सहज वाकतो, कारण वाकताना बूड आपोआप मागे जातं आणि तोल पावलांवर राहतो. सायकलवर नेमकं हेच आहे. धड पुढे वाकलेलं असताना बूड मागे जायला जागा नसेल तर तोल हातांवर येतो. सीट पुढे ओढून तुम्ही स्वतःला त्या भिंतीला चिकटवून घेतलंय. हँडल जवळ आलं, पण हातांवरचं वजन वाढलं. हे उलटं वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक लोक इथे फसतात.

म्हणून सीट रेलवर मधोमध आणा, तिथून हवं तर थोडी मागे. नाक आधी सरळ करा. फोनमधलं लेव्हल सीटवर सपाट पट्टी ठेवून लावा. शून्य ते दोन अंश खाली चालेल, पाच नाही. लक्षात ठेवा, सीटची नळी तिरकी असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे अडीच सेंटिमीटर वर नेताना सीट आपसूकच सात मिलिमीटर मागेही जाते. ते धरूनच रेलवर सरकवा. आणि मागे सरकवली की पायडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणून उंची पुन्हा मोजा.

किती मागे, याची पारंपरिक रीत ओळंब्याची. गवंड्याकडचा ओळंबा घ्यायचा (नसेल तर दोऱ्याला नट बांधून), क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडायचा, तो पायडलच्या आसावरून जावा. कीथ बाँट्रेगर या सायकल बांधणाऱ्यानं फार पूर्वीच यावर टीका केली आहे, आणि ती मला पटते. गुडघ्याला गुरुत्वाकर्षणाचं काही पडलेलं नाही. उताणं झोपून चालवायच्या रिकंबंट सायकलींवर लोक मजेत पायडल मारतात, तिथे ओळंबा कुठे सोडणार? तरीही मी तो वापरतो. कारण त्यानं माणूस फार टोकाला गेलेला आहे का ते चटकन कळतं. तुमचा ओळंबा पायडलच्या पुढे चांगला दोन-तीन सेंटिमीटर पडेल, पैज लावतो.

खरी परीक्षा तोलाची. ट्रेनरवर, मध्यम जोरात पायडल मारत, ब्रेकच्या हुडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठीवर, हात ठेवून बसा आणि पायडल न थांबवता दोन्ही हात हुडवरून बोटभर वर उचला. धड जिथल्या तिथे दोन-तीन सेकंद राहिलं तर सीट मागे पुरेशी आहे. तोंडावर आपटत असाल तर नाही. रस्त्यावर हा प्रयोग करू नका.

करंगळीचं कारण आता कळेल. करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेनं, मनगटापाशी गयॉनच्या अरुंद नळीतून जाते. हुडवर वजन टाकलं आणि मनगट बाहेर वळलं की तीच चेंगरते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असतं तर नस दुसरी होती आणि मी मनगट मागे दुमडलं जातंय का ते आधी पाहिलं असतं. हे मी अंगावर काढून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी सवलतीत मिळाली म्हणून एका दुकानातून माझ्या मापापेक्षा मोठी फ्रेम उचलली आणि आंबोलीमार्गे पुणे–गोवा केलं. डाव्या हाताची करंगळी त्यानंतर तीन आठवडे झोपलेली होती. शर्टाचं बटण लावताना बोटं एकमेकांना सापडायची नाहीत. दाढीचा रेझर हातातून निसटायचा. तेव्हा मी जाड जेलचे ग्लोव्हज घेतले, हँडलवर दुहेरी बारटेप गुंडाळली. काही झालं नाही. उपाय निघाला तो ३० मिलिमीटर आखूड स्टेम आणि सीट १२ मिलिमीटर मागे, यात. ग्लोव्हज अजून कपाटात आहेत.

तुमच्या स्टेमला हात शेवटी लावा. सीट अडीच सेंटिमीटर वर गेली म्हणजे हँडल तुमच्या तुलनेत अडीच सेंटिमीटर खाली गेलं आणि मानेचं दुखणं वाढेल. ते भरून काढायला नवं काही विकत घ्यायची गरज नाही. स्टेम काढून उलटा बसवा. सहा अंश खाली झुकलेला १०० चा स्टेम सहा अंश वर केला की हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर येतं. दिसायला रुबाबदार नाही, मान्य. ग्रुपमध्ये कोणीतरी ‘आजोबांची सायकल’ म्हणेलच. म्हणू दे, १५० व्या किलोमीटरला तो मान चोळत बसलेला असेल. एवढं करूनही कोपर ताठ राहत असेल तर ९० किंवा ८० चा स्टेम आणा. कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानांपासून दूर, हुडवर मनगट सरळ: मला एवढंच बघायचं असतं. हुड फार खाली सरकवून बसवलेले असतील तर ते जरा वर घेतल्यानंही मनगट सुटतं. त्यासाठी बारटेप उलगडावी लागते, म्हणून कोणी करत नाही.

मानेचं आणखी एक कारण तपासा. चष्मा. वाकलेल्या अवस्थेत फ्रेमची वरची कड नजरेच्या आड येते, मग माणूस रस्ता बघायला मान अजून वर करतो. हेल्मेटचं छप्परही तेच करतं. काढून टाकता येत असेल तर काढा.

गुडघा उजवाच का दुखतो, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग आहे आणि तो तुम्ही कंसात टाकला होता. सीट खाली असेल तर दोन्ही गुडघे दुखायला हवेत. एकच दुखतो म्हणजे दोन बाजू सारख्या नाहीत. कुणाच्याच नसतात. बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स, त्याच्यासारख्या माणसाचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर त्याला भीषण अपघात झाला, पाठीला आणि कंबरेला मार बसला, आणि त्यानंतर जन्मभर तो सीटची उंची बदलत राहिला, शर्यतीत चालत्या सायकलीवरूनही, खिशात अ‍ॅलन की ठेवून. आपल्याला अपघात लागत नाही. खांद्याला वर्षानुवर्षं एकाच बाजूला लॅपटॉपची बॅग, स्कूटर स्टँडला लावायला एकच पाय, मागच्या खिशात पाकीट ठेवून आठ तास खुर्चीत. तेवढ्यानं पुरतं.

पहिला संशय क्लीटवर. टेबलच्या कडेवर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि खाली बघा. उजवं पाऊल नैसर्गिकपणे किती बाहेर वळलंय? आता बूट उलटा करून क्लीट बघा. पाऊल बाहेर जाऊ इच्छितंय आणि क्लीट त्याला सरळ धरून ठेवतंय असं असेल तर तो पीळ गुडघ्यावर जातो, कारण खुबा आणि घोटा दोघंही हट्टी, मध्ये सापडतो गुडघा. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्याला ६ अंश हलायला मोकळीक असते, निळ्याला २, लालला अजिबात नाही. तुमचे कुठले ते लिहिलं नाहीत. पिवळे सोडून दुसरे असतील तर आजच बदला. पुढे-मागे बसवताना पायडलचा आस चवड्याखाली यावा. अंगठ्याच्या मुळाशी फुगीर हाड लागतं आणि करंगळीच्या मुळाशी दुसरं. त्या दोहोंच्या मधोमध. लांब पल्ल्याला मी अजून पाच मिलिमीटर मागे घेतो, पोटरीला आराम मिळतो. क्लीटभोवती परमनंट मार्करनं रेघ मारल्याशिवाय स्क्रू सैल करू नका. नाहीतर आधी कुठे होतं हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

क्लीट ठीक असतील तर मागून काढलेला तो व्हिडिओ पुन्हा बघा. सीटच्या मधल्या रेघेवरून तुमची पँटची शिवण एका बाजूला सरकलीय का? उजवीकडे खाली बसत असाल तर उजवा पाय सीट अजून खाली असल्यासारखा वागतो. पाय लांबीला कमी-जास्त असल्याचं निदान मात्र स्वतः करू नका आणि बुटात पट्ट्या भरू नका. बहुतेक वेळा पायांत फारसा फरक नसतो, कंबर वाकडी बसलेली असते.

गिअरबद्दलही बोललं पाहिजे. खंबाटकी किंवा जुना कात्रज चढताना तुम्ही मिनिटाला ५० फेऱ्यांनी जड गिअर रेटत असाल तर सीट सोन्याची बसवली तरी वाटी दुखेल. मागचं मोठं दातेचक्र २८ दातांचं असेल तर ३२ किंवा ३४ बसतं का ते मेकॅनिकला विचारा. मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, मर्यादा असते. घाटातही ७० च्या खाली जाऊ नका. हा खर्च मला सीट, ग्लोव्हज, इनसोल या सगळ्यांच्या आधी करण्यासारखा वाटतो.

जांघेचं दुखणं तुम्ही एका वाक्यात उरकलंत. त्यावर थोडं थांबतो, कारण याबद्दल कोणी मोकळेपणानं बोलत नाही. मागे एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. सगळं नवराच सांगत होता: हिला वेग येत नाही, स्टॅमिना कमी आहे. त्या गप्प. मी त्याला चहा आणायला पाठवलं. मग त्या म्हणाल्या, वीस किलोमीटरनंतर खाली काहीच जाणवत नाही आणि घरी गेल्यावर लघवीला जळजळ होते. सायकलवर हातभर जाड जेलचं कव्हर होतं. ते काढलं तर खाली चांगली, मधे खाच असलेली सीट, आणि नाक चक्क चार अंश वर. जेल मऊ असतं म्हणून बैठकीची दोन हाडं त्यात बुडतात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. मऊ गादी जितकी जास्त तितकं ते वाईट. कव्हर फेकलं, नाक सरळ केलं, सीट तिच्या हाडांच्या मापाची रुंद घेतली. स्टॅमिना सुधारला म्हणे.

तुमच्यासाठी: खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा दगडी पायरीवर ठेवून त्यावर बसा, जरा पुढे वाका, उठा. दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर अधिक दोन ते अडीच सेंटिमीटर, ही सीटची रुंदी. पॅडवाल्या शॉर्टच्या आत अंडरवेअर घालत असाल तर बंद करा. तिची शिवण हाच अर्धा आजार असतो. हे सांगितल्यावर निम्मे लोक माझ्याकडे संशयानं बघतात.

टायरचं एका ओळीत: बाजूला छापलेला हवेच्या दाबाचा आकडा कमाल असतो, भरायचा नसतो. तुमच्या वजनाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ७५–८० पीएसआय, पुढे ७० पुरे, खडबडीत रस्त्याचा हादरा तळहातापर्यंत कमी येतो.

आता पैसे देऊन फिट. वरचं सगळं करून महिनाभरानं काही उरलं तर जरूर जा, आणि जाताना वही घेऊन जा. चांगला फिटर पहिला अर्धा तास सायकलकडे बघतच नाही. काय दुखतं, कधीपासून, नोकरी काय, जुनी मोडतोड काय, हे विचारतो; टेबलवर झोपवून मांडीमागच्या शिरा किती ताणतात, खुबा किती वळतो ते बघतो. दोन्ही बाजूंनी तपासतो. अडीच-तीन तास सहज जातात. शेवटी सगळी मापं लिहून देतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. पाऊण तासात उरकणारा, एकाच बाजूनं व्हिडिओ घेणारा, किंवा पहिल्या दहा मिनिटांत नवी सीट आणि इनसोल काढून ठेवणारा असेल तर नमस्कार करून बाहेर या. अंगावर दिवे चिकटवून कोन मोजणारी यंत्रं उत्तम आहेत, माझ्याकडेही एक आहे. पण एक लक्षात ठेवा: चालत्या पायाचा कोन थांबलेल्यापेक्षा पाच ते दहा अंश जास्तच भरतो. त्यामुळे यंत्रावरचा ३८ बघून घाबरून सीट अजून वर नेऊ नका.

काही गोष्टींत मात्र फिटर नाही, डॉक्टर. गुडघ्याला सूज येते, तो अडकतो किंवा रात्री झोपेत दुखतो. बोटांचा बधिरपणा दोन-तीन दिवसांनीही जात नाही किंवा पकड कमजोर झालीय. मानेतून हातात कळ उतरते. यातलं काही असेल तर सायकल भिंतीला लावा.

डिसेंबरचं गणित सांगतो. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे वेगाची घाई नाही, टिकायची आहे. आज सीट पाच मिलिमीटर वर, नाक सरळ. एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतरच्या दोन राइड तासाभराच्या, सपाटीवर, हलक्या गिअरमध्ये. नव्या उंचीत वेगळे स्नायू कामाला लागतात, मांडीमागे थोडं दुखेल, ते चालेल. सांध्यात दुखलं तर एक पाऊल मागे. पाच-सहा आठवड्यांत सीट, मग क्लीट, मग स्टेम असं उरकेल. त्यानंतर शंभरच्या जवळपासची एक राइड करा, हडपसर–दिवे घाट–सासवड–जेजुरी आणि परत, त्यात चढ आणि सपाटी दोन्ही मिळतात. दर तासाला थांबून कुठे काय जाणवतंय ते फोनमध्ये बोलून ठेवा, घरी येईपर्यंत माणूस विसरतो. बीआरएमच्या आधीच्या तीन आठवड्यांत कशालाही पाना लावायचा नाही, कोणी कितीही अनुभवी सल्ला दिला तरी. त्यात मीही आलो.

जेजुरीची राइड झाली की ती बोलणी आणि मागून काढलेला व्हिडिओ मला पाठवा. उजवा गुडघा आत पडतोय का, ते मला स्वतः बघायचंय.